चर्चच्या तळघरातलं स्काउट पथक

श्रोतेहो, नमस्कार.

स्काउट म्हटलं की महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येतं. खाकी गणवेश, गळ्यात स्कार्फ, त्याला अडकवायचं कडं म्हणजे वॉगल, मैदानावरची कवायत आणि वर्षातून एकदा 'खरी कमाई'. शाळेच्या पटांगणात भेळेचा स्टॉल लावायचा, आईनं घरून करून दिलेल्या चिंचेच्या चटणीचा खर्च हिशेबात धरायचा नाही, आणि संध्याकाळी गल्ला मोजून 'नफा झाला' म्हणून खूश व्हायचं! मीही हे सगळं केलंय. आपल्याकडे स्काउट हा शाळेच्या वेळापत्रकातला विषय. शिकवणारे सर शाळेचे, मैदान शाळेचं आणि शाळा सुटली की स्काउटही सुटला.

आज मी तुम्हाला ज्या पथकाविषयी सांगणार आहे, ते शाळेचं नाही. ते एका चर्चचं आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात आम्ही राहतो आणि आमचा मुलगा या पथकात जातो. आम्ही घरी गणपती बसवणारी माणसं. त्यामुळे 'मुलाला चर्चमध्ये पाठवता?' हा प्रश्न पुण्याहून फोनवर आला, यात नवल नाही. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी इथली व्यवस्था सांगावी लागेल.

अमेरिकेत स्काउटची संस्था स्थापन झाली ती 8 फेब्रुवारी 1910 रोजी. त्याआधी अडीच वर्षं, ऑगस्ट 1907 मध्ये, स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर भरवलं होतं. अमेरिकेत आल्यावर या चळवळीनं एक वेगळी शक्कल काढली. मध्यवर्ती संस्थेनं गावोगावी शाखा उघडायच्या नाहीत. गावात आधीपासून असलेल्या एखाद्या संस्थेनं पथकाचं पालकत्व घ्यायचं. मग ते चर्च असेल, माजी सैनिकांचा क्लब असेल, अग्निशमन दल असेल. ती पालक संस्था दरवर्षी सनद घेते, बसायला जागा देते, पथकप्रमुख कोण असावा याला मंजुरी देते. गंमत म्हणजे पथकाचे तंबू, स्टोव्ह, बँकेतले पैसे हे सगळं कागदोपत्री तिच्याच मालकीचं असतं. पालकत्व घेणाऱ्यांत चर्च पहिल्यापासून पुढे होती. मॉर्मन पंथानं 1913 मध्येच स्काउटिंग आपलंसं केलं आणि पुढे शंभरहून जास्त वर्षं ते चालवलं. 2019 च्या अखेरीस मात्र ते बाहेर पडले आणि लाखो मुलं एकदम कमी झाली. मेथडिस्ट (हा प्रोटेस्टंटांचा एक पंथ) आणि कॅथलिक चर्चची पथकं अजूनही गावोगावी आहेत. आमचं पथक मेथडिस्ट चर्चचं.

आता त्या फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर. दर सोमवारी संध्याकाळी मुलं चर्चच्या तळघरात जमतात. वर प्रार्थनेची जागा, खाली हे. घडीची टेबलं, कॉफीचा जुना वास, छताखालच्या पाइपांना वाळत घातलेले तंबू. त्या खोलीत ज्यू घरातली मुलं आहेत, कोरियन आहेत, गुजराती आहेत, आमच्यासारखी दोन-तीन मराठी घरं आहेत. कुणी कुणाला बायबल शिकवत नाही. स्काउटच्या नियमातला बारावा गुण श्रद्धेचा आहे, तेव्हा देव मानावा अशी अपेक्षा असते. कोणता, हे ज्याच्या त्याच्या घरावर सोडलेलं असतं. नास्तिक घरातल्या मुलाची मात्र इथे अडचण होते आणि त्यावरून अमेरिकेत कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत, हे सांगायला हवं. हिंदू मुलांसाठी 'धर्म' आणि 'कर्म' अशा नावांची पदकंसुद्धा आहेत. ती आपल्या धर्माचा अभ्यास करून मिळवायची. माझ्या मुलानं त्यासाठी आजीला फोन करून करून जेवढं विचारलं, तेवढं मी तिला जन्मात विचारलेलं नाही.

पण श्रोतेहो, मला सगळ्यात जास्त चकित केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. या पथकात मोठ्या माणसांना काम करायची बंदी आहे. म्हणजे गाडी चालवा, पैसे भरा, सुरक्षेवर डोळा ठेवा. पण स्वयंपाक, तंबू, सामानाची यादी, सभा हे सगळं मुलं करणार. सहा-आठ मुलांचा एक गट, त्याचा नायक मुलांनीच मतं देऊन निवडलेला. सगळ्या गटांवर एक मुख्य नायक, तोही पंधरा-सोळा वर्षांचा. सोमवारची सभा तो चालवतो. आमचे स्काउटमास्टर हे निवृत्त प्लंबर आहेत. ते मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे असतात. एखाद्या बापानं मुलाचा तंबू सरळ करायला हात पुढे केला की ते शांतपणे म्हणतात, 'हात खिशात!'

वर्ष सुरू होतं सप्टेंबरला. त्याआधी ऑगस्टमध्ये मुलं एक दिवसभर बसून बारा महिन्यांचं नियोजन करतात. महिन्याला एक मुक्काम ठरलेलाच. 'कॅम्पिंग'चं पदक हवं असेल तर वीस रात्री उघड्यावर किंवा तंबूत काढाव्या लागतात, त्यामुळे कुणी सहसा गैरहजर राहत नाही. पैसे उभे करायला शरद ऋतूत पॉपकॉर्न विकायचे. किराणा दुकानाच्या दाराशी टेबल मांडून, येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार-चमत्कार करून. आपली खरी कमाईच ही. फक्त इथे थंडीत चार तास उभं राहावं लागतं आणि 'नको' हा शब्द शंभर वेळा ऐकून घ्यावा लागतो. लाजाळू मुलांचं या टेबलावर जेवढं भलं होतं, तेवढं कुठल्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात होत असेल असं मला वाटत नाही.

ऑक्टोबरचा मुक्काम मला जवळून पाहायला मिळाला, कारण गाडी चालवायची पाळी माझी होती. जागा होती डेलावेअर नदीच्या खिंडीजवळची. तिथून अपलाचियन ट्रेल ही सुप्रसिद्ध पायवाट जाते. त्या वाटेनं डोंगर चढून गेलं की सनफिश पाँड नावाचं तळं लागतं. हिमनदीनं कोरून ठेवलेलं, थंडगार, काचेसारखं. चढताना आपल्या सह्याद्रीची सवय असलेल्या माणसाला काही फार वाटत नाही. पण पानं लाल-पिवळी झालेली असतात आणि मुलं पाठीवर आपापलं घर घेऊन चाललेली असतात.

गंमत खरी संध्याकाळी सुरू झाली. प्रत्येक गटातला एक मुलगा त्या मुक्कामाचा कोठीवाला असतो. त्यानं आधी चार दिवस दुकानात जाऊन, ठरलेल्या पैशांत, सगळ्यांचा शिधा आणायचा. आमच्या गटाच्या कोठीवाल्यानं पास्ता आणला, सॉस आणला, तीन प्रकारचं चीज आणलं आणि मीठ विसरला. शेजारचा गट मीठ द्यायला तयार होता, पण बदल्यात चीज मागत होता. या वाटाघाटी वीस मिनिटं चालल्या. माझ्या पर्समध्ये उपाहारगृहातून आलेल्या मिठाच्या दोन पुड्या होत्या. मी त्या काढणार एवढ्यात प्लंबरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पुड्या पर्समध्येच राहिल्या.

दुसऱ्या गटाचं जेवण बिडाच्या जाड भांड्यात होतं. त्याला इथे डच ओव्हन म्हणतात. खाली निखारे, झाकणावरही निखारे, आत खिचडी. हो, मुगाची खिचडी, कारण त्या गटात दोन शाकाहारी मुलं होती आणि बाकीच्यांनी मतदानात हार पत्करली होती. अलिबागकडे पोपटी लावतात ना, तसा त्या झाकणाचा आणि निखाऱ्यांचा थाट होता. खालून थोडी करपली. कडेची खरपूड खायला मात्र सगळ्यांची झुंबड उडाली.

जेवण झालं की तीन टब. पहिल्यात गरम साबणाचं पाणी, दुसऱ्यात गरम स्वच्छ पाणी, तिसऱ्यात थंड पाण्यात थेंबभर ब्लीच. ताटली या तिन्हींतून गेल्याशिवाय पिशवीत जायची नाही. मग वास येणारी प्रत्येक वस्तू, उरलेलं अन्नच काय, टूथपेस्ट आणि ओठांना लावायचं मलमसुद्धा, एका पोत्यात भरून दोरीनं दूरच्या झाडाला उंच टांगायची. कारण अस्वलं. न्यू जर्सी म्हटलं की लोकांना हमरस्ते आणि तेलाच्या टाक्या आठवतात. पण या राज्यात काळी अस्वलं भरपूर आहेत आणि त्यांना टूथपेस्ट आवडते.

सुरीचंही शास्त्र आहे. चाकू, करवत, कुऱ्हाड वापरायची तर आधी शिकून एक कार्ड मिळवावं लागतं. वापरताना हात लांब करून स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची. त्या वर्तुळात कुणी येत असेल तर पातं उघडायचं नाही. चूक झाली की कार्डाचा एक कोपरा कापतात. चारही कोपरे गेले की कार्ड गेलं, पुन्हा पहिल्यापासून शिका. अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात धारदार सुरी देणं मला आधी पटत नव्हतं. आता घरात कांदा चिरताना तोच मला टोकतो.

नोव्हेंबरात अन्नसंकलन. एका शनिवारी मुलं घरोघर दाराला रिकाम्या पिशव्या अडकवून येतात, पुढच्या शनिवारी त्या भरलेल्या गोळा करतात. सगळा माल चर्चच्या सभागृहात येतो, कारण गरजूंना धान्य वाटणारं केंद्र त्याच इमारतीत आहे. मग निवडणं. डबाबंद घेवडा इकडे, सूप तिकडे, तारीख उलटून गेलेलं बाजूला. लोक दानात काय काय देतात ते पाहून मुलांचं शिक्षण होतं. कपाटात वर्षानुवर्षं पडलेला फणसाचा डबा, मुदत केव्हाच संपलेला, हेही 'दान'च असतं! आमच्या वस्तीतून तूरडाळीच्या आणि पोह्यांच्या पिशव्या आल्या. केंद्रातल्या आजीबाईंनी विचारलं, हे शिजवायचं कसं? मुलांनी इंग्रजीत कृती लिहून प्रत्येक पिशवीला चिकटवली. पुढच्या महिन्यात डाळ सगळ्यात आधी संपली, कारण केंद्रात येणाऱ्यांमध्येही आपल्याकडची कुटुंबं आहेत, हे तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

हिवाळ्यात वाटलं, आता विश्रांती. कसली विश्रांती! जानेवारीत 'क्लॉन्डाइक डर्बी'. कॅनडात अलास्काच्या सीमेजवळ क्लॉन्डाइकला झालेल्या सोन्याच्या धावपळीत माणसं कुत्र्यांच्या घसरगाडीवर सामान लादून जात, त्याची ही नक्कल. इथे कुत्र्यांच्या जागी मुलं. घसरगाडी ओढत एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जायचं. कुठे ओल्या लाकडानं आग पेटवून दाखवायची, कुठे मोडलेल्या हाताला खपच्या बांधायच्या, कुठे होकायंत्रावर दिशा काढायची. रात्री शून्याखालच्या थंडीत तंबू. झोपताना दिवसाचे मोजे काढायचेच, कारण घामानं ते ओले असतात आणि ओलाव्यानं पाय गारठतात. सुती कपडा अंगाला लावायचा नाही. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, म्हणजे बर्फ तळाशी धरतो आणि सकाळी झाकणाकडून पाणी निघतं. हे ज्ञान पुस्तकातही असेल, पण तहान लागलेली असताना गोठलेली बाटली हातात आली की ते जन्मभर विसरत नाही.

फेब्रुवारीत एक रविवार स्काउटांचा. त्या दिवशी मुलं गणवेशात वरच्या मजल्यावर येतात, उपासनेत मदत करतात आणि नंतर सगळ्या चर्चला पॅनकेकचा नाश्ता करून वाढतात. ज्यांना उपासनेला बसायचं नाही ती मुलं खाली पीठ कालवतात. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. मी मागच्या बाकावर बसले होते. आजूबाजूला बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे. अमेरिकेतल्या पुष्कळ जुन्या चर्चची आज हीच अवस्था आहे. तरुण माणसं येत नाहीत. सोमवारी संध्याकाळी तळघरात जो गोंधळ चालतो, तेवढी तरुण पावलं त्या इमारतीत आठवडाभरात दुसऱ्या वेळी उमटत नाहीत. बर्फ पडला की त्याच मुलांची टोळी फावडी घेऊन येते आणि पायऱ्या, उतार, अपंगांची वाट मोकळी करते. जागेचं भाडं चर्चनं कधी मागितलेलं नाही. हे असं फिटतं.

वसंतात डेलावेअरवर कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी. त्याआधी पोहण्याची परीक्षा: शंभर यार्ड, त्यातले पंचाहत्तर जोरदार हातांनी, शेवटचे पंचवीस उताणं संथ पोहून, मग पाण्यावर निवांत तरंगायचं. नापास झालेल्याला एकट्यानं वल्हवायला मिळत नाही, मग बाप कितीही मोठा असो. या नदीची एक हकिकत मला फार लागली. मुख्य डेलावेअरवर एकही धरण नाही. पण 1962 मध्ये टॉक्स बेटाजवळ एका मोठ्या धरणाला मंजुरी मिळाली होती. सरकारनं जमिनी घेतल्या, हजारो माणसं उठवली, घरं पाडली. मग विरोध झाला, भूगर्भाच्या शंका निघाल्या, खर्च वाढला आणि धरण झालंच नाही. ती जमीन राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेली. काठावर अजून काही रिकामी घरं दिसतात. माझं माहेर कोयनेच्या बाजूचं. धरणासाठी उठलेली माणसं मला माहीत होती. धरणासाठी उठून धरणच न झालेली माणसं पहिल्यांदाच कळली. मुलं मात्र त्या मोकळ्या पाण्यावर हुंदडत होती.

मे महिन्याच्या शेवटी 'मेमोरियल डे', म्हणजे इथल्या शहीद दिनाआधी गावच्या दफनभूमीत प्रत्येक माजी सैनिकाच्या थडग्यापाशी छोटा ध्वज रोवायचा. प्लंबरसाहेबांचा दंडक असा, की ध्वज रोवण्यापूर्वी दगडावरचं नाव मोठ्यानं वाचायचं. काही दगड इतके झिजलेत की अक्षरं बोटांनी चाचपावी लागतात. जुने, फाटलेले ध्वज मुलं वर्षभर गोळा करतात आणि एका संध्याकाळी शांतपणे, विधिपूर्वक अग्नीला देतात. पहिल्यांदा पाहून मी दचकले. नंतर शोधलं तर आपल्या 2002 च्या ध्वजसंहितेतही फाटका तिरंगा खासगीत, मानानं, शक्यतो जाळूनच नष्ट करावा असं म्हटलेलं आहे.

मोठ्या मुलांची धडपड असते 'ईगल' या सर्वोच्च पदासाठी. एकवीस पदकं आणि गावाच्या उपयोगी पडणारं एक काम, सगळं अठरावा वाढदिवस उजाडायच्या आत. त्या कामाची अट मला आवडते: मुलानं ते एकट्यानं करायचं नाही, दुसऱ्यांकडून करवून घ्यायचं. यंदा एकानं धान्यकेंद्रासाठी मांडण्या केल्या. लाकडाचं माप त्याला सापडलं, पण शनिवारी सकाळी आठ वाजता दहा मुलं हजर करणं जमता जमेना. मग त्यानं गरम डोनट ठेवले. नेतृत्वाचे धडे असे असतात. उन्हाळ्यात आठवडाभराचं शिबिर होतं आणि नशीब असेल त्यांना न्यू मेक्सिको राज्यातलं फिलमाँट हे स्काउटांचं रान. वेट फिलिप्स या तेलउद्योजकानं 1938 पासून दिलेल्या जमिनीतून वाढत गेलेलं ते रान आज एक लाख चाळीस हजार एकरांच्या घरात आहे. तिथली पदभ्रमंती बारा-बारा दिवसांची असते.

आता एक कडू भाग. तो टाळला तर हे भाषण जाहिरात होईल. या संघटनेत अनेक दशकं मुलांचं लैंगिक शोषण झालं आणि ते दडपलं गेलं. फेब्रुवारी 2020 मध्ये संघटनेनं दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्याऐंशी हजारांहून जास्त तक्रारी आल्या आणि भरपाईचा निधी सुमारे अडीच अब्ज डॉलरचा ठरला. पालकत्व घेतलेल्या चर्चवरही दावे झाले. त्यानंतर अनेक मेथडिस्ट चर्चनी पुनर्विचार केला: काहींनी पथकं सोडली, काहींनी जागा देण्यापुरता करार ठेवला. आज कुठल्याही कार्यक्रमाला किमान दोन प्रशिक्षित प्रौढ लागतात. एकटा प्रौढ आणि एकटं मूल ही गोष्ट कुठेही, अगदी फोनच्या संदेशातही चालत नाही. तळघराच्या दाराला काच बसवली आहे. मी स्वतः ते प्रशिक्षण घेतलं. कुणी म्हणतं, याच्यानं मोकळेपणा गेला. गेला तर जाऊ दे. 2019 पासून मुलींची पथकंही आली. आमच्याकडे त्याच तळघरात मंगळवारी त्यांची सभा असते आणि गाठी बांधण्यात त्या पुढे आहेत. 8 फेब्रुवारी 2025 पासून संघटनेचं नावही 'स्काउटिंग अमेरिका' झालं.

हे सगळं पाहताना मन राहून राहून महाराष्ट्रात जातं. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था 7 नोव्हेंबर 1950 ला झाली. तिच्यात शाळेबाहेरच्या खुल्या पथकांचीही सोय आहे, पण ती फारशी कुणी वापरताना दिसत नाही. मला वाटतं, गल्लीतल्या गणेश मंडळानं एखादं पथक दत्तक का घेऊ नये? मंडळाकडे जागा आहे, मोठ्या कढया आहेत, दोरखंड-ताडपत्र्या आहेत, वर्गणी मागायचा अनुभव आहे आणि गाठी बांधायला येणारे मांडववालेही आहेत. वर्षातले दहा दिवस सोडले तर हे सगळं कुलपात. पलीकडे गड आहेत, नद्या आहेत. अडचण एकच येईल. आपले काका-मामा हात खिशात ठेवणार नाहीत. पोरांच्या हातातला झारा ओढून घेऊन 'सरक, तुला नाही जमायचं' म्हणतील. त्यांच्यासाठी आधी एक शिबिर घ्यावं लागेल.

आमच्या पथकाचं पुढच्या वर्षाचं नियोजन झालंय. मार्चमध्ये दक्षिण न्यू जर्सीतल्या पाइन बॅरन्सच्या वाळूतून चालायचं ठरलंय. मेनूवर मिसळ आहे, कोठीवाला आमचा चिरंजीव आहे, आणि तिखट किती घालायचं यावर गटात मतदान व्हायचंय. मला मत नाही, फक्त गाडी आहे.

नमस्कार.